गाळाच्या रंगाची जास्वंद

सेतुरामनी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. तंजावूरच्या कचेरीत उत्तरेकडच्या खिडकीखाली त्यांचं उतरतं टेबल होतं. कावेरीतून निघणारे कालवे, कालव्यांतून निघणारे पाट आणि पाटांतून शेतात शिरणाऱ्या चाऱ्या ते आधी शाईनं रेखायचे आणि मग कुंचल्यानं त्यांत निळा रंग भरायचे. तो निळा बाटलीतून आयता मिळत नसे. बशीभर पाण्यात रंगाचा एक थेंब, मग आणखी पाणी, मग आणखी, असं करत करत ते तो इतका पातळ करायचे की कागदावर टेकवला तरी उमटला की नाही असा प्रश्न पडावा. वाळत गेला की तो हळूच वर यायचा. पुढं कचेरीत संगणक आले, टेबल हलवलं गेलं, सेतुराम निवृत्त झाले. पण तो रंग काही त्यांच्या मनातून गेला नाही.

पुदू आरूच्या, म्हणजे गावातून वाहणाऱ्या नव्या कालव्याच्या, पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर आहे. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या गच्चीवर जास्वंदी लावल्या. परसातली लाल जास्वंद नव्हे. ताटलीएवढ्या फुलांच्या, एकाच पाकळीत तीन-तीन रंग वागवणाऱ्या परदेशी जाती. बंगळूरचे वरुणराव नावाचे एक शौकीन त्यांना फोनवर भेटले आणि त्यांनी कुरियरनं काड्या पाठवल्या. या जातींचं मूळ नाजूक असतं, म्हणून साध्या लाल जास्वंदीच्या खोडावर त्यांचं कलम बांधतात. सेतुरामचा हात रेघ मारून मारून स्थिर झालेला होता. त्यांची कलमं फुकट जात नसत.

दोन वर्षांनी ते पुढच्या उद्योगाला लागले. सकाळी ऊन चढायच्या आत एका फुलाचा पिवळा पराग कुंचल्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या जातीच्या फुलात, मधल्या दांड्याच्या टोकाला ज्या पाच मखमली टिकल्या असतात, त्यांवर लावायचा. फळ धरलंच तर दोन-अडीच महिन्यांनी बोंड तडकतं. आत दहा-पंधरा बिया निघतात आणि प्रत्येक बीचं फूल निराळं. कुठल्या रंगाचं येईल ते कुणी सांगू शकत नाही. त्यासाठी वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची, आणि मग उमललेलं फूल जेमतेम एक दिवस राहतं.

सेतुरामना त्यांचा निळा हवा होता. नकाशावरचा, पाण्यात विरत गेलेला. जास्वंदीत खरा निळा उतरत नाही असं वरुणराव सांगायचे, पण जांभळट करड्या फुलांपासून सुरुवात केली तर जवळपास पोचता येईल असंही तेच म्हणायचे. सेतुरामनी तशा दोन जाती मागवल्या आणि पाच-सहा वर्षं त्यांचा नेट लावून संकर केला.

येत गेला तो गाळ. कालव्यातून पाणी उतरल्यावर तळाशी जो मातकट, तांबूस थर उरतो, अगदी तशा रंगाची फुलं. एकामागून एक. सेतुराम फुलासमोर उभे राहायचे, चष्मा पुसून परत पाहायचे आणि मग वहीत रोपाच्या नंबरापुढं एकच शब्द लिहायचे, 'गाळ'. ती कुंडी जिन्याच्या तोंडाशी जायची. संध्याकाळी कुंडी रिकामी आणि धुऊन पालथी घातलेली असायची. अंबुजा ते काम करते आणि रोपं खताच्या खड्ड्यात जातात असं ते धरून चालले होते. त्यांनी कधी विचारलं नाही.

अंबुजा त्यांची बायको. तिनं एकतीस वर्षं सरकारी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना तमिळ मुळाक्षरं गिरवायला शिकवलं होतं. घरात तंजावूरची जुनी मराठी, अंगणापलीकडे तमिळ, असं दोघांचंही आयुष्य गेलं. पहिलं असं फूल उमललं त्या सकाळी ती कॉफीचा टंबलर घेऊन गच्चीवर आली होती.

"हें निळें आहे हो," ती म्हणाली.

"निळें?" सेतुराम हसले. "अंबुजा, निळा रंग मी जन्मभर भरला आहे."

तिनं फुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि टंबलर कठड्यावर ठेवून ती खाली गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा एकदा म्हणाली. त्यानंतर आणखी एकदा. मग तिनं तो विषय सोडून दिला. वरुणरावांना सेतुरामनी एकदा अशाच फुलाचा फोटो पाठवला, असा राडा झाला तर काय करावं हे विचारायला. वरुणरावांचं उत्तर आलं की एवढा सुंदर लॅव्हेंडर आपण पाहिला नाही. सेतुरामनी फोन बाजूला ठेवला आणि बंगळूरचे लोक फार भिडस्त असतात असं अंबुजाला सांगितलं. अंबुजा वाल सोलत होती. ती सोलत राहिली.

गोष्ट उघडकीला आली ती दीपावळीच्या दिवशी. अंबुजानं जांभळी रेशमी पुडवै नेसली होती. सेतुरामनीच ती साठीशांतीला कुंभकोणमहून आणली होती, आणि दुकानात दोन तास घालवून हाच रंग हवा म्हणून अडून बसले होते.

"ही मातकट कधी घेतलीस?" त्यांनी विचारलं.

अंबुजा थांबली. तिनं पदर पुढं धरला. "हिचा रंग कुठला सांगा पाहूं."

"मातकट. चिंचेच्या कोळासारखा."

तिला एकदम सगळं लख्ख कळलं. इतकी वर्षं ती त्यांना हट्टी समजत होती. नकाशेवाल्या माणसाच्या निळ्याची व्याख्याच निराळी असेल, अशीही तिनं मनाची समजूत घातली होती. गोडधोड झालं, पाहुणे येऊन गेले आणि पुढच्या सोमवारी ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर हरिता वयानं लहान होत्या, आणि सेतुरामशी वडीलधाऱ्याशी बोलावं तसं बोलत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "सार, आतली काच गुळाच्या पाकासारखी झाली आहे," त्या म्हणाल्या. "हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. निळा आणि जांभळा तर तुमच्यापर्यंत पोचतच नसणार." आधी डावा डोळा करू, उजवा महिन्या-दीड महिन्यानं, असं ठरलं. सेतुराम मान डोलवत होते, पण शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. बायकोची पुडवै आपण चुकीची ओळखली एवढंच ते धरून बसले होते.

शस्त्रक्रिया पंधरा मिनिटांत उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली.

पहिल्यांदा दिसली ती खोलीची भिंत. ती पांढरी होती, आणि पांढरा इतका थंड असतो हे ते विसरून गेले होते. हरिताबाईंच्या कोटाच्या घड्यांत निळसर सावल्या होत्या. टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेवरून उजेड पाण्यासारखा वाहत होता. अंबुजानं वाकून विचारलं, "दिसतें ना?"

"तुझे केस पांढरे झालेत," ते म्हणाले.

"झालेत," अंबुजा म्हणाली. "सात वर्षं झालीं."

घरी येताना ऑटोत ते एकदा हा डोळा मिटत, एकदा तो. उजव्या डोळ्यानं पाहिलं की सगळं गाव ओळखीचं, ऊबदार, दिवेलागणीच्या उजेडात न्हालेलं. डाव्यानं पाहिलं की तेच गाव नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं. शिवगंगा बागेच्या भिंतीपाशी त्यांनी ऑटो थांबवायला लावला आणि आभाळाकडे पाहत राहिले. ऑटोवाल्यानंही मान बाहेर काढून वर पाहिलं. त्याला काही दिसलं नाही.

मार्गळी, म्हणजे धनुर्मास, लागला होता. गच्चीवर जायला चार दिवस मनाई होती. पाचव्या दिवशी सकाळी, अजून धुकं असताना, ते काळा चष्मा लावून वर गेले. कठड्यापलीकडे गल्ली नव्हतीच. दारात कोलमची रांगोळी काढणाऱ्या बायकांचं बोलणं तेवढं कुठूनतरी खालून येत होतं. कुंड्या एकेक करून धुक्यातून पुढं येत होत्या. नारिंगी फुलं होती, पिवळी होती, गुलाबी होती. गेल्या सात वर्षांत आवडून ठेवलेली सगळी तीच. त्यांत निळसर एकही नव्हतं, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

जिन्याच्या तोंडाशी एक कुंडी होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनीच तिथं ठेवलेली. त्या गडबडीत अंबुजाकडून ती हलवायची राहून गेली होती. तिला एक कळी राहिली होती, आणि ती रात्रीतून उमलली होती.

सेतुरामनी चष्मा काढला. फूल तळहाताएवढं होतं, कडेला चुण्या पडलेलं, आणि त्याचा रंग आहे की नाही असा होता. धुक्यामुळं तसं वाटत असेल म्हणून ते जवळ गेले. मग तो हळूच वर आला. मध्याशी दाट, बाहेर पसरताना पाणी-पाणी होत गेलेला. कुणीतरी बशीत कुंचला बुडवून एकदाच फिरवावा आणि उचलावा तसा.

त्यांनी डावा डोळा मिटला. गाळ. उघडला. निळा. कितीतरी वेळ ते तसेच करत उभे होते. मग ते पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले. कलंडू नका, वाकू नका असं डॉक्टरनी बजावलं होतं तेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

अंबुजा औषधाचे थेंब घालायला त्यांना शोधत वर आली. तिनं कुंडी पाहिली, नवऱ्याला पाहिलं आणि ती शेजारी बसली.

"असे किती टाकले आपण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही लिहून ठेवलें आहे की वहींत."

"एकेचाळीस." त्यांना आकडा पाठ होता. "मला सांगायचें होतेंस, अंबुजा."

"सांगितलें. तीनदां."

खाली भाजीवाल्याची मोपेड वाजत गेली. अंबुजा म्हणाली, "टाकलीं नाहींत हो. मला टाकवेना. मुळं गोणपाटांत गुंडाळायची आणि कुणाला तरी देऊन यायची. तुमच्याशी भांडून तुम्ही ऐकलें नसतें. रोपं जगवणें माझ्या हातांत होतें, तेवढें केलें."

सेतुरामनी तिचा हात हातात घेतला. धुकं निवळत गेलं आणि फुलाचा रंग घटकेघटकेला बदलत गेला.

त्यानंतरच्या रविवारी अंबुजा त्यांना रोपं दाखवायला घेऊन निघाली. दोघं पायीच गेली. गल्लीच्या टोकाला गणेशकुमारच्या इस्त्रीच्या गाडीमागं एक रोप होतं, पुरुषभर उंच. कोळशाची ऊब लागून त्याची पानं थोडी करपली होती, पण चार फुलं होती. "राव सार, हे तुमच्याच घरचं," गणेशकुमार तमिळमध्ये म्हणाला. "अम्मांनी दिलेलं. लोक इथं थांबून फोटो काढतात." सेतुराम रोज या गाडीवरून जात होते. कपडेही इथंच देत होते.

कालव्याकाठच्या छोट्या पिळ्ळैयारच्या देवळात एक होतं. त्याची फुलं झाडावर कधी राहतच नसत, गुरुक्कळ पहाटेच खुडून देवाला वाहायचे. काळ्या दगडी गणपतीच्या कानामागं तो निळा दिव्याच्या उजेडात तरंगताना दिसला तेव्हा सेतुरामनी नमस्कार केला, आणि तो देवाला होता की फुलाला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अंगणवाडीतलं रोप बकरीनं खाल्लं होतं. पोस्टातल्या बाईंचं पाणी साचून कुजलं होतं. कुणी घर बदलून गेले होते, कुणाच्या दारात वाट रुंद करताना झाड गेलं होतं. एकेचाळिसांतली अकरा त्यांना त्या आठवड्यात सापडली. एकाचा रंग पारव्याच्या पिसासारखा, एकाचा पहाटेच्या धुरासारखा. सेतुराम रस्त्यानं झोपेत चालल्यासारखे चालत आणि अंबुजा त्यांचं कोपर धरून त्यांना स्कूटरवाल्यांपासून वाचवी.

"सगळ्यांत चांगलें कृष्णवेणीकडे आहे," ती म्हणाली.

कृष्णवेणी तिची धाकटी बहीण. ओरत्तनाडुजवळच्या एका खेड्यात तिचं सासर होतं. भातशेती, नारळीची बाग आणि मागच्या दारी वाहता पाट. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाल्यावर दोघं बसनं तिकडं गेली. खिडकीबाहेर पोटरीला आलेला भात मैलोगणती पसरला होता आणि त्याच्यातून पाट जात होते. सेतुराम ते ओळखत होते. यांतला प्रत्येक पाट त्यांनी कागदावर भरला होता. आज त्यांत आभाळ उतरलं होतं. ते बोट दाखवून पाटाचं नाव सांगायचे, आणि अंबुजा दर वेळी वळून पाहायची.

कृष्णवेणीनं त्यांना चहा-पाणी करायच्या आधीच मागच्या दारी नेलं, कारण भावोजी दुसरं काही ऐकेचनात. पाटाच्या बांधावर ते झाड होतं. झाडच म्हणायला हवं. दहा-बारा फूट उंच, स्वतःच्या मुळावर उभं, खालच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या. तीस-चाळीस फुलं असतील. पाट संथ होता, त्यामुळं तेवढीच पाण्यातही होती. कुठली फुलं फांदीवरची आणि कुठली पाण्यातली हे नीट पाहावं लागत होतं. आणि दोन्हींचा रंग एकच होता.

सेतुराम बांधावर बसले ते उठलेच नाहीत. ऊन वर आलं, तसा फुलांचा निळा पातळ होत गेला. तासातासानं त्यांत गुलाबी छटा शिरली. एक बगळा आला आणि पलीकडच्या काठावर उभा राहिला. अंबुजा मध्ये येऊन डोळ्यांत थेंब घालून गेली. सेतुरामनी डोळे मिटले, तरी पापण्यांआड निळंच होतं.

"भावोजी, पान वाढलें आहे," कृष्णवेणीनं हाक मारली. मग तीही येऊन उभी राहिली. "एवढें काय आहे त्यांत? मी तर पानं वाटून केसांना लावतें. फार छान फेस होतो."

"किती पानं?" सेतुरामनी घाबरून विचारलं.

"ओंजळभर. आठवड्याला."

अंबुजानं तोंडाला पदर लावला. सेतुरामनाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा दोघी बहिणींनी मिळून त्यांना दम भरला, की आत्ता रडायचं नाही, डॉक्टर रागावतील.

संध्याकाळच्या बसनं दोघं परत निघाली तेव्हा बारा काड्या केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात गुंडाळून अंबुजाच्या मांडीवर होत्या. दुसऱ्या दिवशी सेतुराम कलमं बांधायला बसले. एक डोळा नवा आणि एक जुना, त्यामुळं सुरीचं अंतर चुकत होतं. पात्याची धार खोडाच्या अलीकडेच यायची. पहिल्या दोन काड्या वाया गेल्यावर त्यांनी सुरी अंबुजापुढं धरली. तिनं आयुष्यात कलम बांधलं नव्हतं. लहान मुलांची बोटं धरून अक्षरं गिरवायला लावायची तिला सवय होती, तशी आता तिनं आपली बोटं त्यांच्या हातात दिली. खोडाला चीर, काडीला पाचरीसारखा आकार, सालीला साल जुळवायची, वर पट्टी, त्यावर पिशवी. दहांपैकी सहा कलमं धरली. त्यांतली चार तिनं एकटीनं बांधलेली होती.

वरुणरावांचा फोन आला. त्यांना एक कलम हवं होतं आणि नव्या जातींच्या यादीत टाकायला नाव हवं होतं. सेतुराम म्हणाले, "अंबुजा."

"नको," अंबुजा आतून म्हणाली. "जास्वंदीला कमळाचें नांव ठेवलें तर लोक हसतील. तें जिथें वाढलें त्या गावाचें ठेवा." म्हणून यादीत 'ओरत्तनाडु' लागलं.

उजव्या डोळ्याची तारीख पोंगलनंतरची ठरली होती. आदल्या सकाळी सेतुराम गच्चीवर एका कुंडीपाशी उभे असलेले अंबुजाला दिसले. डाव्या डोळ्यावर त्यांनी तळहात धरला होता. ते रोप त्यांचं लाडकं होतं. त्याच्या फुलाला ते कापी, म्हणजे कॉफी, म्हणायचे, आणि ते फुललं की दिवसभर दुसरं काही पाहायचे नाहीत. अंबुजाला त्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. साधं फिकट गुलाबी फूल.

"काय पाहतां?" तिनं विचारलं.

"उद्यांपासून हें नसणार." त्यांनी हात काढला नाही. "नव्या डोळ्यानें हें गुलाबीच दिसतें, तुला दिसतें तसें. पण ह्या डोळ्याला... डिकॉक्शनमध्ये दुधाचा पहिला थेंब टाकल्यावर होतो ना, मिसळायच्या आधी, तसा रंग आहे. मध्ये काळपट, आणि बाहेर जातां जातां मधासारखा. कडेला तर उजेड आंतून येतो आहे असें वाटतें."

अंबुजा त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिनंही एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. तिला गुलाबीच दिसलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. कठड्याला टेकून, हात तसाच डोळ्यावर ठेवून, मधला रंग आधी आणि कडेचा शेवटी. ती त्या फुलाकडे पाहत ऐकत होती. ऊन जिन्यापर्यंत आलं, खाली कुकरची शिटी झाली, तरी ती जागची हलली नाही.